चमक खाणारा चष्मा

आमच्या प्राचीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि ते वाचलं माझ्या वाकड्या मानेमुळे.

मान वाकडी करायची वेळ का आली, त्याचं मूळ होणाऱ्या जावयाच्या चांगुलपणात आहे. निखिल शहराबाहेर बेसाला राहतो, फिरतीची नोकरी करतो. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आठ दिवस आधी तो घरी आला आणि माझ्या हातात एक काळा चष्मा ठेवून म्हणाला, "काका, पोलराइज्ड आहे. रस्त्यावरची, गाड्यांच्या काचांवरची चमक मारते हा."

प्राची कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती लगेच समजावायला बसली. मी हात वर केला. "बेटा, मले नको शिकवू. तीस वर्षं गांधीबागेच्या बाजारात कापड विकलं मी!" (या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मला आजही सांगता येणार नाही.)

चष्मा मला असा आवडला की मी तो घरातही काढेना. माझी बायको शालू वैतागली. "आंघोळीच्या वेळी तरी काढत जा जी!"

त्याच आठवड्यात माझा फोन बिघडला. व्हिडिओ पाहायला आडवा केला की पडदा काळाकुट्ट! मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. आत अंधार होता, म्हणून शिरताना चष्मा कपाळावर सरकवला (माझं कपाळ मागे मानेपर्यंत जातं, त्यामुळे जागेची अडचण नसते), आणि फोन ठणठणीत! बाहेर उन्हात आलो, चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन आडवा केला, तो पुन्हा मेला. अशा तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी दुकानदार फार मायेने म्हणाला, "काका, फोन चांगला आहे. तुम्ही जरा पाणी पिऊन बसा."

मग साक्षगंधाचा दिवस उजाडला.

आमचं घराणं विणकरांचं. वडिलांच्या काळापर्यंत घरात हातमाग होता. माग गेला तरी एक रीत राहिली आहे. मुलाकडच्यांनी आणलेली साडी मुलीला देण्याआधी मुलीच्या बापाने ती उन्हात नीट पाहायची आणि चारचौघांत म्हणायचं, "पोत चांगला!" साडी कशीही असो, एवढंच म्हणायचं. आजवर कोणाही बापाने दुसरं काही म्हटलेलं नाही. दोन शब्दांचं काम.

निखिलचे आजोबा खास उमरेडहून आले होते. ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, पांढरं धोतर. त्यांनी पिशवीतून कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी काढली आणि अंगणातल्या खाटेवर सपाट अंथरली. वर सकाळचं लख्ख ऊन. सगळे पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. मी चष्म्यातून वाकून पाहिलं.

चमक नाही! कोशाला कशी अंगची मऊ झळाळी असते, तिचा पत्ताच नाही. समोर गोणपाट अंथरल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी "पोत चांगला" म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण माझ्यातली गांधीबाग जागी झाली.

"आजोबा," मी म्हणालो, "कोणीतरी तुम्हाले फसवलं. हा कोसा नाही. नकली सूत आहे!"

पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"मले कोण फसवून राहिलं गा?" आजोबा शांतपणे म्हणाले. "हे साडी म्याच विणली. माग बंद करायच्या आधीची शेवटची. नातसुनेसाठी ठेवली होती."

इथे तरी पाय धरावे ना? मी म्हणालो, "मग सूत देणाऱ्यानं फसवलं असन!"

"कोश म्या सोताच्या हातानं उकळले!"

आजोबांनी साडीची घडी घालायला घेतली. "चाल गा निखिल. ज्या घराले कोसा ओळखू येत नाही, त्या घरची सोयरीक आपल्याले नको."

गडबड ऐकून प्राची अर्धवट वेणीनिशी बाहेर आली. तिचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो. चार वर्षांपासून ही दोघं एकमेकांना जपत होती, आणि मी दोन वाक्यांत निकाल लावला होता. निखिल तर माझ्याकडे पाहतही नव्हता.

"बाबा! चष्मा!" प्राची ओरडली.

मी चष्मा नाकावर नीट बसवला. मला वाटलं, तो घसरलाय.

"तसं नाही! आजोबा, एक मिनिट ती साडी राहू द्या. बाबा, मान वाकडी करा. कान खांद्याला लावा."

"आता माझी मान मोडतं का वं?" म्हणत मी मान वाकडी केली. आणि साडी उजळली! मान सरळ केली, विझली. वाकडी, उजळली. सरळ, विझली. मी पाच-सहा वेळा असं केलं तेव्हा शालूने किंकाळी फोडली, "माय वं! यांले झटका आला!" कोणीतरी धावत जाऊन कांदा आणला आणि माझ्या नाकाला लावला.

त्या कांद्याच्या वासात मी अखेर फिजिक्स शिकलो. प्राचीने सांगितलं, उजेड जाताना उभा-आडवा, सगळ्या दिशांनी थरथरत जातो. सपाट वस्तूवर आपटून आलेली चमक मात्र बरीचशी आडवी थरथरते. आणि हा चष्मा फक्त उभी थरथर आत सोडतो, आडवी अडवतो.

मला काही समजायच्या आतच आजोबा म्हणाले, "म्हंजे मागाची फणी! फटी उभ्या असल्या तर उभंच जाईन, आडवं कसं जाईन?"

"अगदी तसंच, आजोबा! फोनच्या काचेतही अशीच एक फणी असते. फोन आडवा केला की त्याच्या फटी चष्म्याच्या फटींना आडव्या येतात. मग अंधार."

(तीन चकरा! आणि दुकानदाराने दिलेलं पाणी!)

मी चष्मा काढला. खाटेवर कोसा झळकत होता. इतका सुंदर पोत मी तीस वर्षांत विकला नव्हता. मला फार लाज वाटली. "पोत चांगला," मी म्हणालो, आणि डोळे भरून आले. (थोडे कांद्यानेही.) मग आजोबांच्या पायाशी वाकलो.

"आण तो चष्मा इकडे," वरून आवाज आला.

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. साडी सरळ पाहिली, मान वाकडी करून पाहिली, स्वतःशीच हसले आणि ती प्राचीच्या हातात दिली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी अजून वाकलेलोच होतो, माझं ते लांबलचक कपाळ भर उन्हात त्यांच्या नाकाखाली. आजोबांनी चष्मा न काढताच त्याच्याकडे पाहिलं.

"व्याही, तुमची तं सारी चमक गेली. आता खरा पोत दिसून राहिला."

"मग कसा आहे पोत?" मी मोठ्या आशेने विचारलं. रीतीप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं, फक्त दोन शब्दांचं.

"थांबा," आजोबा म्हणाले, "मान वाकडी करून पाहतो."