नाळे सर आणि डबलचं भूत

शरणबसव हत्तुरे यांना हत्तुरे सर म्हणून ओळखणारा माणूस सोलापुरात एकच, त्यांचा पोस्टमन. बाकी सगळ्यांसाठी ते नाळे सर. नाळे म्हणजे कन्नडमध्ये उद्या. सरांच्या लहानपणी अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावात एक भूत दारोदार फिरतंय अशी आवई उठली होती. लोकांनी दारावर खडूने लिहून ठेवलं, ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये. भूत यायचं, वाचायचं आणि मुकाट परत जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भूत शिकलेलं होतं आणि त्याला कन्नड वाचता येत होतं, याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. पुढे सर जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागले आणि बावीस वर्षं त्याच मंत्रावर त्यांनी हॉल चालवला.

ज्याला लटकून कसरती करायच्या त्या आडव्या बारच्या खांबावर, हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीने, सर ते दोन शब्द गिरवून ठेवत. पोरगं येऊन म्हणायचं, सर, यंदा स्पर्धेत डबल मारू का. डबल म्हणजे बार सोडल्यावर एकाऐवजी दोन कोलांट्या घेऊन उतरणं. सर नुसतं खांबाकडे बोट करायचे. ताज्या अंगाने, खाली फोमचा खड्डा असताना डबल कोणीही मारतं, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण रुटीन संपवून, भरून आलेल्या हातांनी, साध्या गादीवर दहातून नऊ वेळा पाय रोवून उभा राहिलास तर ते कौशल्य तुझं. तोवर ते यूट्यूबचं.

त्यामुळे सरांच्या पोरांना कायम तिसरा नंबर मिळे. पोरं उतरायची अशी की गादीला कळू नये, पण उतरायची एकाच कोलांटीने. बावीस वर्षांत हॉलमध्ये एकाही पोराचा हात मोडला नव्हता. पण न मोडलेल्या हातांचा सत्कार कुठलं मंडळ करत नाही. सोलापुरातल्या दुसऱ्या एका अकॅडमीने ‘तीन महिन्यांत डबल’ असा फ्लेक्स लावला होता. तिथली दोन पोरं प्लास्टर घालून फिरत होती, आणि त्यांचे बाप ते प्लास्टर मेडलसारखं लोकांना दाखवत होते.

सरांच्या हॉलमधल्या अमृतचे वडील कुंडलिकराव मूळचे सांगोल्याचे. डाळिंबाची बाग, शिवाय शहरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. अमृत नववीत होता. विभागातून तो राज्याला गेला तर दहावीला ग्रेस मार्क मिळतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि जिम्नॅस्टिक्सबद्दल यापलीकडे काही ठाऊक करून घ्यायची त्यांना गरज वाटली नव्हती. सरांनी एकदा त्यांना विचारलं, नवीन बाग लावल्यावर पहिल्या वर्षी कळी आली तर काय करता? खुडून टाकतो, कुंडलिकराव म्हणाले, कवळ्या झाडाला फळ धरू दिलं तर झाड बसतं. मग? सरांनी विचारलं. कुंडलिकरावांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“झाडाची गोष्ट येगळी हाय, सर. झाडाला कुटं ग्रेस मार्क असतात?”

खरी पंचाईत मात्र अमृतनेच केली. त्याने सरांची अट पुरी केली. भरल्या हातांनी, साध्या गादीवर, दहातून नऊ वेळा, तेही तीन आठवडे रोज. सरांनी आधी घटक चाचणीचं कारण सांगितलं, मग गणपतीचं, मग नवरात्राचं. दसरा झाल्यावर त्यांच्याकडचे स्पर्धेआधीचे सण संपले. घरी बायकोने, श्रीदेवीबाईंनी, भाकरी वाढता वाढता विचारलं, अहो, पोरगं तयार नाही, की तुम्ही? सरांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. बावीस वर्षं आपण धीर धरला की नुसते घाबरलो, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

विभागीय स्पर्धेत बारच्या आधी अमृत तिसरा होता. डबल बसलं तर पहिला. कुंडलिकराव प्रेक्षकांत उभे राहून मोबाईल वर धरून होते. सांगोल्याची अर्धी भावकी व्हिडिओ कॉलवर होती. अमृतने हाताला पावडर लावली आणि सवयीने सरांकडे पाहिलं. इथे खांबावर काही लिहिलेलं नव्हतं. सर वाकले आणि पोराच्या कानात एकच शब्द बोलले.

“इवत्तु.”

इवत्तु म्हणजे आज. हा शब्द त्यांनी हॉलच्या कामात पहिल्यांदाच वापरला होता.

अमृत लटकला. रुटीन सुरेख चाललं. शेवटचे मोठे झोके सुरू झाले तसे सरांनी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं आणि एक मिटलाच. अमृतने बार सोडला, एक कोलांटी घेतली आणि पाय रोवून उभा राहिला. एकच. खाली येऊन त्याने सरांपुढे डावा तळहात उघडला. कातडी सोलवटून वर आली होती.

“शेवटच्या झोक्याला हात सुटाय लागला, सर,” तो म्हणाला. “म्हनलं, नाळे.”

सरांना भरून आलं. जे पोरांना बावीस वर्षं खांबावरून वाचावं लागत होतं ते या पोराने हवेत, स्वतःच्या हातावर वाचलं होतं. पण हे कोणाला सांगायच्या आत कुंडलिकराव गर्दीतून आले. भावकीने फोन ठेवून दिला होता.

“तुमीच अडवलं न्हवं त्याला?”

अमृतने मूठ मिटली. तो काही बोलणार तोच सर पुढे झाले.

“व्हय. मीच म्हनलो, नाळे.”

वाटलंच होतं मला, असं म्हणून कुंडलिकराव उन्हात निघून गेले. तिसऱ्या नंबरच्या फोटोलाही थांबले नाहीत. सरांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि पोराच्या तळहाताला गुंडाळू लागले.

“तुमी तर इवत्तु म्हनला हुता की, सर,” अमृत हळूच म्हणाला.

“त्ये कुनाला सांगू नको,” सर म्हणाले. “बावीस वर्षांचं नाव हाय माजं.”