दिलदार मिस्त्रीची ढाल

दिलदार मिस्त्रीला हरायचं होतं. १९८१ सालच्या शर्यतीत, चार माणसांदेखत, सरळ हरायचं होतं.

कोल्हापुरातल्या त्याच्या मोटारसायकल क्लबाचा एक रिवाज होता. वर्षाची शर्यत जिंकणाऱ्याच्या घरी पितळी ढाल राहायची आणि पुढच्या वर्षी ती राखायला त्याला उतरावंच लागायचं. ढाल सुटायची ती हरल्यावर, नाहीतर शर्यतीत गाडी बिघडली तर. जिंकलेले एकदोघं पुन्हा फिरकलेच नाहीत, तेव्हा हा नियम झाला. त्यासाठी हात वर करणाऱ्यांत तेव्हा तिशीतला दिलदार सगळ्यांत पुढे होता. त्या काळी माळावरच्या मुरमाच्या वाटेवर बावीस-बावीस गाड्या धुरळा उडवीत. मग पेट्रोल महागलं. कुणी दुबईला गेला, कुणी साखर कारखान्यात कायम झाला, कुणाला सासऱ्यानं शपथ घातली. शेवटी दोघंच उरले: राजारामपुरीत गॅरेज चालवणारा दिलदार आणि मलकापूरचा आकाराम.

सहा वर्षं ढाल दिलदारच्या घरी होती. दिलदारचा डावा गुडघा एव्हाना गंजल्यासारखा झाला होता. मशिदीत तो स्टुलावर बसून नमाज पढायचा.

"अल्लापुढं वाकत न्हाय गुडघा," त्याची बायको खैरुनबी म्हणायची, "आणि किक मारायला बरा वाकतोय!"

"ढाल घ्यायला कुणीतरी पायजे की."

"व्हय, आणि तवर पुसायला मी हाय!"

म्हणून यंदा दिलदारनं डाव टाकला. महिनाभर आधी आकारामची गाडी त्यानं गॅरेजात आणली. रिंगा बदलल्या, कार्बोरेटर उकलून धुतला, चेन नवी चढवली. स्वतःच्या गाडीला मात्र पान्हा लावला नाही.

एक चक्कर मारून आलेला आकाराम डोळे विस्फारून म्हणाला, "दिलदारभाई, वाघ भरलाय काय हिच्यात?"

"औंदा तूच जितायचंस," दिलदार म्हणाला. त्या आठवड्यात त्याला शांत झोप लागली.

शर्यतीच्या रविवारी सकाळी माळावर तीसचाळीस माणसं जमली. बहुतेक सगळी जुनी, कधीकाळी स्वतः धावलेली. क्लबाचे सेक्रेटरी नेमिनाथअण्णा झेंडा घेऊन उभे होते. आकाराम आला तो पायी, इस्त्रीच्या कपड्यांत.

"गाडी कुठाय रं?" दिलदारनं विचारलं.

"इकली की, भाई." आकाराम लाजत हसला. "तुमी अशी करून दिलीसा, बघायला आलेला पावणा गाडीवरनं उतरंनाच झाला. मागंन ते दिलं त्यानं."

दिलदारनं आपल्याच काळ्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अण्णा, बंद करूया औंदा."

"एकटा धावला तरी शर्यत झाली, असं ठरलंय. हात तूच वर केलतास," अण्णा म्हणाले. "एक वर्ष चुकलं की ही माणसं परत जमायची न्हाईत, दिलदार."

झेंडा पडला. दहा फेऱ्या होत्या. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, फक्त आपलाच धुरळा. चार फेऱ्या झाल्यावर लांबच्या वळणावर दिलदारनं इंजिन बंद केलं आणि गुडघा धरून बसला. पलीकडे माणसं उभीच होती. कुणी ओरडलं नाही, कुणी निघूनही गेलं नाही.

शेवटी अण्णा धोतराचा सोगा सावरत चालत आले.

"पडलास?"

"न्हाय."

"मग गाडी बिघडली?"

विचारताना अण्णांनी नजर दुसरीकडे वळवली. हो म्हणायला लावणारीच ती नजर होती. एक शब्द पुरला असता; मिस्त्रीच्या शब्दावर कुणी इंजिन उघडून पाहिलं नसतं. दिलदारनं तापलेल्या सिलेंडरकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत धडधाकट गाडीला त्यानं कधी बिघडलेली म्हटलं नव्हतं.

"गाडीला काय धाड भरलीया," तो म्हणाला.

अण्णा बाजूला सरले. दिलदारनं दात आवळून किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. अजून सहा फेऱ्या होत्या.