मी न मागितलेली मनाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवलग मित्रांना नाही. मला ओळखणारे यावर हसतील — तुझ्या पोटात काही राहतं का रे? खरं आहे. मी पुण्यात फॅमिली कोर्टात वकिली करतो आणि वकिलांच्या बार रूममध्ये गोष्टी सांगतो, आणि यातलं दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं. न्यायाधीशांचे आवाज काढतो, पक्षकारांच्या सासवा उभ्या करतो. लोक चहा गार होऊ देतात. मला ते फार आवडतं — का लपवू?

त्या गोष्टींमध्ये एक हमखास चालणारी आहे, 'सुंतेचा खटला'. तीत काळे नावाचे समोरचे वकील चोरपावलांनी येतात, मी भोळा सांब, आणि शेवटी आम्ही दोघं कोर्टात पोचतो तेव्हा भांडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. हशा ठरलेला. ही गोष्ट मी का सांगत आलो? कारण हसणारा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

आज तो प्रश्न मीच विचारणार आहे.

विश्रांतवाडीला आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहायचं. वडील सरकारी नोकरीत, साधे, ताठ. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच म्हणणं — "कोर्ट आपलं आहे, भांडायचं तर तिथं." त्यांची मुलगी मेधा. हडपसरला काचेच्या इमारती नव्याने उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत ती सॉफ्टवेअरमध्ये लागली. तिथेच तिला साजिद भेटला. रजिस्टर लग्न झालं, आमच्या चाळीत जिलेबी वाटली गेली. साजिद चांगला माणूस होता, आजही आहे. लग्नाआधी दोघांचं ठरलं होतं, मूल झालं तर धर्माचं त्याचं तो मोठेपणी बघेल.

मुलगा झाला, समीर. तो चार वर्षांचा असताना साजिदला अमेरिकेचा प्रोजेक्ट मिळाला. साजिदचे वडील आजारी होते. साजिद परदेशी जाण्याआधी नातवाची सुंता झालेली बघायची, एवढीच त्यांची इच्छा. साजिद वाकला. मेधा वाकली नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, मी त्यांच्या धर्माविरुद्ध नाही. पण समीरला विचारता येईपर्यंत थांबा, एवढंच. हे कायद्यात बसतं का?"

बसतं का? इथे जरा वकिलासारखं बोलतो. मुलग्यांच्या सुंतेला आपल्याकडे बंदी नाही. आईबापांची संमती असली की डॉक्टर करतात, रीत म्हणून कायदाही त्यात पडत नाही. पण एक पालक हो म्हणतो आणि दुसरा नाही, तेव्हा? तेव्हा न्यायाधीशाला विचारता येतं, मुलाचं हित कशात आहे? कुणी म्हणेल, पोर बापाच्या लोकांतही वाढणार, त्यांच्यातलं एक होणं हेही हितच. कुणी म्हणेल, जे परत जोडता येत नाही ते तोडण्याआधी थांबा. दोन्हीकडून बोलण्यासारखं होतं. म्हणूनच बोलायला हवं होतं.

मी अर्ज केला. निकाल लागेपर्यंत सुंता करू नये अशी तातडीची मनाई मागायची, असं ठरलं. आणि —

आणि त्या वर्षी वकिलांच्या स्नेहसंमेलनाचं नाटक होतं. शनिवार पेठेतल्या एका हॉलवर तालमी. मी नाटकात न्यायाधीश, काळे पाकीटमार. आमचा प्रवेश असा रंगत होता की काय सांगू! काळ्यांनी माझ्या झग्यातून घड्याळ काढलं की — बघा, मी पुन्हा रंगात यायला लागलो. थांबतो.

तारखेच्या दिवशी पुकारा व्हायच्या आधी काळे मला व्हरांड्यात भेटले. ते साजिदचे वकील. म्हणाले, "अरे, आमचं म्हणणं लिहून द्यायला मुदत घेतो. तू हरकत घेऊ नकोस. पुढच्या तारखेपर्यंत काही होत नाही, माझा शब्द." आणि वर, "चल लवकर, तालमीला उशीर होईल."

आमच्यात हे चालतं. वकिलाने वकिलाच्या शब्दावर मुदत द्यायची. पण असा शब्द पक्षकाराला बांधून ठेवायचा असेल तर पुरसीस घेतात — म्हणजे तेच कोर्टात लिहून द्यायचं, खाली पक्षकाराची सही. दोन ओळी. साजिद तिथेच बाकावर बसला होता. मी पुरसीस मागितली नाही. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं काही?" मी म्हणालो, "हरकत नाही, साहेब."

मेधा नव्हती. तिच्या ऑफिसात गडबड होती, आणि "तू कशाला सुट्टी घालवतेस?" असं मीच म्हटलं होतं.

काळ्यांनी तो शब्द साजिदला सांगितलाच नाही. विसरले, असं ते नंतर म्हणाले. विसरलेही असतील. साजिदला एवढंच कळलं की कोर्टाने अडवलेलं नाही. त्याच आठवड्यात त्याने समीरला दवाखान्यात नेलं. त्याने कुठला हुकूम मोडला? एकही नाही. मोडायला हुकूम होता कुठे?

मेधाचा फोन आला. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "दादा, मनाईचं काय झालं?"

इथवरचं सगळं गाफीलपणात मोडतं. गाफीलपणाची गोष्ट सांगता येते, तिच्यावर हसता येतं. पुढचं सांगता येत नाही, म्हणून इतकी वर्षं टाळलं. मी तिला म्हणालो, "कोर्टाने नाकारली गं. बापाचा धर्माचा हक्क मोठा, असं म्हणाले."

असं कुणीही म्हणालं नव्हतं. ते वाक्य मी जागच्या जागी रचलं, न्यायाधीशाच्या आवाजात. चांगलं जमलं होतं.

तिने विश्वास ठेवला. ठेवणारच — साजिदही प्रामाणिकपणे तेच सांगत होता, की कोर्टाने अडवलं नाही. मूळ अर्ज मी मागे घेतला. तिच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "असं म्हणाले कोर्टात?" मी मान हलवली. कोर्ट आपलं आहे, हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ते गेले, तेव्हा खांदा द्यायला मी होतो.

संसार टिकला. समीर दोन दिवस तापला, मग बरा झाला. पण त्या घरात मेधाने पुन्हा कशालाही नाही म्हटलं नाही. शाळा कुठली, गाव कुठलं, नाव काय लावायचं — "तुम्ही ठरवा." एकदा मी थट्टेत म्हटलं, "तुझी जीभ कुठं गेली गं?" ती म्हणाली, "कायद्यानेच सांगितल्यावर मी काय बोलणार, दादा?" आणि मी तिच्या हातचा चहा प्यायलो.

गेल्या आठवड्यात एक मुलगी ऑफिसात आली. तन्वी. मेधाच्या टीममध्ये आहे, मेधा आता मोठ्या हुद्द्यावर. तन्वीचा मुलगा वर्षाचा आहे, आणि घरात तोच वाद. म्हणाली, "सर, मेधा मॅम म्हणाल्या, कोर्टात जाऊ नकोस, कोर्ट आईचं ऐकत नाही. त्यांची केस तुमच्याकडेच होती ना, तीत तसं डिसाइड झालंय म्हणे. म्हणजे लॉ फिक्सच आहे ना?"

माझं खोटं एवढं मोठं झालं होतं. कुणाच्या तरी घरात ते कायदा म्हणून चालत होतं. मी तोंड उघडलं आणि मला एकही आवाज काढता आला नाही. तिला गुरुवारी यायला सांगितलं.

गुरुवारी तन्वीला जे खरं आहे ते सांगेन, आणि तिला हवं असेल तर दुसऱ्या चांगल्या वकिलाकडे पाठवेन. पण त्याआधी ते ऐकण्याचा मान मेधाचा. रविवारी सकाळी मी तिच्या घरी जातोय. साजिद असेल. समीरही सुट्टीवर आलाय, त्यालाही बसायला सांगणार — या सगळ्या प्रकरणात त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मेधाने बार कौन्सिलकडे तक्रार केली तर मी एक शब्दही विरोधात बोलणार नाही.

जाताना काही घेऊन जाणार नाही. चहा घेणार नाही. उभ्यानेच सांगेन — मेधा, कोर्टाने तुला नाही म्हटलं नव्हतं. तुझ्यासाठी तिथं कुणी तोंडच उघडलं नाही. ते काम माझं होतं.