आई आणि ताकोयाकी

आई पुण्याहून नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आमच्याकडे आली होती. घराजवळच्या मैदानात रविवारी जपानी खाण्याचा बाजार भरला, तेव्हा आम्ही तिला तिथे घेऊन गेलो. एका गाडीवर गोल खळग्यांच्या तव्यात पीठ ओतून काडीनं गोळे फिरवत होते.

"अगं, हे तर आप्पे!" आई खूश झाली.

ते ताकोयाकी होते. आत ऑक्टोपस असतो हे सांगायच्या आतच पलीकडच्या रांगेत माझा नंबर आला. तांदळाचे मोची घेऊन परतले, तर बाकावर आई आणि माझी लेक एकाच द्रोणातून खात होत्या.

"आई, थांब! त्यात ऑक्टोपस आहे!"

"आय टोल्ड हर," लेक म्हणाली. "आजी सेड ओके."

माझ्या हातातला खाऊ पडायचाच बाकी होता. आमच्या पुण्याच्या घरी अंडंसुद्धा बाहेर गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात उकडायचं. ही त्या घरातली बाई.

आईनं तोंडातला घास सावकाश संपवला. "पहिल्या घासालाच कळलं मला. माकुलासारखं लागतं."

"माकूल? म्हणजे स्क्विड? ते तुला कसं माहीत?"

"माहेरी रोज मासे असायचे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी अट घातली, या घरात त्याचं नावही काढायचं नाही. मी नाही काढलं."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं की. एकदा मला म्हणाले, बाहेर जाऊन खाऊ. मीच नको म्हटलं. सवय मोडली होती."

मामाकडे आम्ही लहानपणी इतक्यांदा गेलो, तिथेही कधी मासे शिजले नाहीत. आमच्यासाठी सगळं घर गप्प बसलं होतं. ताकोयाकीवरचे माशाचे पातळ पापुद्रे वाफेनं हलत होते, आणि आई ते बोटानं टिपून खात होती.

बुधवारी बाजारात मासळीच्या गाडीपुढे ती स्वतःहून थांबली. मी एका बांगड्याकडे बोट दाखवलं.

"तो नको. डोळे बघ त्याचे, आत गेलेत," ती म्हणाली. मग दुसरा निवडला आणि मला विचारलं, "घरात कोकम आहे का?"

होतं. पण मासा कापायचा कसा, ते मला तिलाच विचारावं लागलं.