पहिला फोटो माझा काढा

कुरिअरवाल्याने खोकं हातात दिलं होतं. त्याच्या मोबाइलवर बोटाने सही करत होतो, तेवढ्यात अक्कांचा फोन आला. सकाळचे साडेनऊ, वार गुरुवार. अक्का म्हणजे सिद्रामअण्णांच्या पत्नी, महानंदाअक्का. त्या आपणहून कधी फोन करत नसत. रडत नव्हत्या. "सर, अण्णा गेले पहाटं," एवढं म्हणाल्या आणि मग, "कॅमेरा आला आसंल, तर घेऊन या." खोकं माझ्या काखेत होतं. ते आल्याचं मी अजून घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. आज दीड महिना होऊन गेला, पण सकाळी दाराची बेल वाजली की ते वाक्य अजून कानात येतं.

हा कॅमेरा घ्यायला मला दोन वर्षं लागली. एखादा म्हणेल, एवढं काय ते. पण मी भूगोलाचा मास्तर, अडतीस वर्षं नकाशावर बोट ठेवून गावं दाखवली, आणि स्वतः कुठं जायचं म्हटलं की चार जणांना रस्ता विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. निवृत्त झाल्यावर तलावावरच्या पक्ष्यांचे फोटो काढावेत असं मनात आलं आणि मी विचारत सुटलो. पुण्याच्या मेहुण्याला विचारलं, दाताच्या डॉक्टरांना विचारलं (तोंड उघडं असताना), लग्नाचे फोटो काढणाऱ्या माजी विद्यार्थ्याला विचारलं. प्रत्येकाने स्वतःकडे होता तोच घ्या म्हणून सांगितलं. ज्यांना स्वतःचा आवडत नव्हता त्यांनी दुसरा सांगितला, पण तोही त्यांना आपल्यासाठीच हवा होता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सर, आताचे कॅमेरे डोळा पकडतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक हिरवी चौकट उमटते आणि ती समोरच्या माणसाच्या डोळ्यावर जाऊन बसते. तुम्ही नुसतं बटण दाबायचं.

शेवटी कुणीतरी म्हणालं, बाळीवेशीतल्या सिद्रामअण्णांना विचारा, कॅमेऱ्यातलं त्यांना कळतं तेवढं सोलापुरात कुणाला कळत नाही. बोळाच्या टोकाला त्यांचा स्टुडिओ. बाहेरचा बोर्ड उन्हाने पांढरा पडलेला, आत रंगवलेला पडदा, एक लाकडी स्टूल, खिडकीशी टेबल. "बर्री सर, कूडरी," असं कानडीत म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, माझी सगळी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, कुणाचा फोटो काढायचाय? मी म्हटलं, पक्ष्यांचा. ते म्हणाले, पक्षी काय माझ्याकडं येत न्हाईत, माणसाचं काय आसंल तर इचारा. डोळा पकडण्याचं सांगितल्यावर मात्र मान मागे टाकून हसले. डोळा यंत्रानं पकडायचा, मग तुमी काय धरणार, पिशवी? मला राग आला. आणि पुढच्या गुरुवारी मी परत गेलो.

अण्णांचा धंदा मला हळूहळू कळला. लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला बसवतात, विभूती लावतात, फुलांनी सजवतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पूर्वी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांचा जिवंतपणी एकही फोटो निघालेला नसायचा. मग त्या बसवलेल्या माणसाचाच फोटो काढायला अण्णांना बोलावणं यायचं. फोटो निघायचा, पण डोळे मिटलेले. भिंतीवर तसा लावायचा कसा? म्हणून अण्णा तो स्टुडिओत आणून, मोठा करून, अगदी बारीक ब्रशने त्यावर उघडे डोळे रंगवायचे. याला ते नुसतं "डोळं उघडणं" म्हणत. आज सकाळी दोन डोळं उघडलं, असं सहज सांगत, एखाद्याने दोन नारळ फोडले म्हणावं तसं. घरच्यांना विचारायचे, म्हाताऱ्याचे डोळे कसे होते? आणि त्यांनी मला सांगितलं होतं, सर, कुणाला म्हणून सांगता येत न्हाई. नाक सांगतात, मिशी सांगतात, डोळ्याचं इचारलं की एकमेकाच्या तोंडाकडं बघतात.

त्यांच्या टेबलावर पत्र्याच्या चौकटीचा एक हाताएवढा आरसा असायचा, भिंतीला टेकवलेला. मी त्यांना चिडवायचो, या वयात मिशी कुणाला दाखवायचीय म्हणून. ते मिशीला पीळ द्यायचे आणि विषय बदलायचे.

दोन वर्षं मी दर गुरुवारी संध्याकाळी जात राहिलो. नवीन मॉडेल, नवीन प्रश्न. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, कागदावर काचांच्या आकृत्या काढून उजेड कसा आत येतो ते समजवायचे, इतकं छान की वर्गात मी कधी तसं समजवलं नसेल... आणि शेवटी म्हणायचे, थांबा की जरा, अजून एक येतंय बाजारात. अक्का आतून चहा आणायच्या आणि अण्णा आपल्या दोन पोरींबद्दल बोलायचे, सांगोल्याच्या भावाच्या डाळिंबाबद्दल बोलायचे. कॅमेरा राहिला बाजूला. घरी बायको म्हणायची, तुम्हाला कॅमेरा नकोच आहे. मी तिच्याशी वाद घालायचो.

एकदा मीच विचारलं, अण्णा, तुमचा एकही फोटो दिसत नाही भिंतीवर. तर म्हणाले, लग्नाच्या फोटोत ऐन टायमाला डोळे मिटले, आणि आधार कार्डावरचा मला वळकूच येत न्हाई. मी हसलो. ते हसले नाहीत. आरशाकडे बघत म्हणाले, "माझे डोळे लई घरी गेलेत सर. हितं काय शिल्लक हाय ते एकदा बघायचंय. तुमचा कॅमेरा आला की पहिला फोटो माझा काढा. उघड्या डोळ्याचा." मी लगेच हो म्हटलं. वाक्याचा पहिला भाग मला कळला नव्हता, आणि कळलं नाही हे विचारायची लाज वाटली. एरवी जगाला विचारत फिरणारा मी, तिथं नेमका गप्प बसलो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना धाप लागायला लागली. जिना चढून वर गेले की दहा मिनिटं बोलता यायचं नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एका दुपारी कुणालाही न विचारता, यादी न बघता, मी कॅमेरा मागवून टाकला आणि गुरुवारी मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी हातातला ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे आता गुरुवारचं यायचं कारण संपलं की." मी म्हटलं, अण्णा, काहीतरीच काय... पण त्या क्षणी मला कळलं, की दोन वर्षं त्यांनी उत्तर का दिलं नव्हतं. आणि मी तरी का पुन्हापुन्हा विचारत होतो. पार्सलला उशीर झाला. सोमवारी यायचं ते गुरुवारी आलं.

मी खोक्यासकट रिक्षात बसलो. स्टुडिओतच पडद्यासमोर त्यांना बसवलं होतं. कपाळावर, दंडांवर विभूती, गळ्यात हार, रुद्राक्ष, डोक्याला फेटा. माणसं भिंतीला लागून उभी. मी खोकं फोडलं तर बॅटरी रिकामी. नव्या वस्तूची ही कथा कुणी सल्ला देणाऱ्याने मला सांगितली नव्हती. टेबलावरच्या प्लगला ती लावली, तो आरसा बाजूला सरकवून, आणि अण्णांच्या समोर अर्धा तास बसलो. दोघंही जणू बॅटरीचीच वाट बघत होतो.

मग कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवी चौकट आली. अण्णांच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यावर गेली, तिथून त्यांच्या जावयाच्या, तिथून दारातल्या एका माणसाच्या. अण्णांवरून ती सरकत सरकत जायची, थांबायची नाही. सगळे आपोआप बाजूला झाले. आता चौकटीत अण्णा एकटे... आणि चौकट विझली. त्या यंत्राच्या लेखी समोर कुणीच नव्हतं. शेवटी अण्णांनीच कधीतरी शिकवलं होतं तसं हाताने रिंग फिरवून फोटो घेतला. पहिला फोटो त्यांचाच झाला. डोळे मिटलेला.

शिवगणाराधनेला, म्हणजे अण्णांच्या दिवसकार्याला, फोटो हवा म्हणून जावयाने तो एका फ्लेक्सवाल्याकडे दिला आणि त्याने कॉम्प्युटरवर एका मिनिटात डोळे उघडून दिले. फार सुंदर डोळे होते, पाणीदार. अक्कांनी बघितलं आणि विचारलं, "ह्ये कोन?" आणि फ्रेम उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. पाहुणे आले, जेवून गेले, पण फ्रेम तशीच पाठमोरी राहिली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आधी आणला असतात तर, असं अक्का एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. सगळे गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सर, कुंभारीला जाऊन या. तितं हायेत त्यांचे डोळे." मला वाटलं, दुःखाने भ्रमल्यासारखं झालंय.

कुंभारी म्हणजे सोलापूरजवळचंच गाव, दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. अक्कांनी सांगितलेलं घर सापडलं. सूनबाईंनी, म्हणजे साठीच्या बाई त्या, पाणी दिलं. अण्णांचं नाव काढल्यावर भिंतीकडे हात केला. हे आमचे मामंजी, म्हणाल्या, अण्णांनीच डोळं उघडलं होतं. मी वर बघितलं.

चेहरा अनोळखी, लांबट, पिकलेल्या मिशांचा. आणि त्या चेहऱ्यातून अण्णा माझ्याकडे बघत होते. उजवी पापणी जराशी उतरलेली, डावा डोळा किंचित मोठा, आणि माझा प्रश्न संपायची वाट बघताना असायची ती नजर, जशीच्या तशी. आरसा... मिशीसाठी नव्हता तो आरसा. घरच्यांना सांगता यायचे नाहीत म्हणून अण्णा स्वतःचेच डोळे बघून काढत होते. बाई सांगत होत्या, जुनी माणसं म्हणायची मामंजीचे डोळे असे नव्हते, पण आता तीस वर्षं झाली, आमाला हेच मामंजी. त्यांनी शेजारच्या घरात नेलं. तिथं भिंतीवरच्या फोटोत एक म्हातारी, डोक्यावर पदर, तिलाही तेच डोळे. पुढच्या घरात ऐन तिशीत गेलेला एक पैलवान, त्यालाही तेच. ज्या घरात शिरावं तिथं अण्णा आधीच येऊन बसलेले. किती गावांत, किती भिंतींवर ते असतील, करकंबपासून पार सांगोल्यापर्यंत... माझे डोळे लई घरी गेलेत सर.

मी कॅमेरा वर केला. चौकट आली आणि क्षणाचाही वेळ न लावता डोळ्यावर बसली. प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी.

ते फोटो घेऊन अक्कांकडे आलो. म्हटलं, अक्का, आता खरे डोळे मिळाले, हेच अण्णांच्या फोटोत घालून घेऊ. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला आणि एकेक चेहरा बघत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "आसू द्या तितंच. तितं बघायला लागतंय त्यांना. हितं तरी झोपू द्या." मग फ्लेक्सवाल्याची फ्रेम काढून त्यांनी माझा तो पहिला फोटो, डोळे मिटलेलाच, स्टुडिओत लावला.

लोक मला आता विचारतात, सर, तुम्ही एवढी चौकशी करून घेतलात, कोणता कॅमेरा घ्यावा? मी कुणाला विचारू नका म्हणून सांगतो. कुणाचा फोटो काढायचाय ते ठरवा, आणि मिळेल तो घेऊन आजच जा. हे सांगतो आणि सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. मी विचारत बसलो नसतो तर अण्णांचा उघड्या डोळ्यांचा फोटो आज भिंतीवर असता. आणि मी विचारत बसलो नसतो तर हे अण्णा मला भेटलेच नसते. यातलं काय बरं झालं असतं, हे मला ठरवता येत नाही, आणि ज्यांना विचारलं असतं ते नाहीत.

गुरुवारी मी अजून जातो. अक्का कुलूप काढतात, चहा आणायला आत जातात, मी स्टुलावर बसतो. टेबलावरचा आरसा मीच त्याच्या जागी परत टेकवून ठेवलाय. परवा सहज, उजेड बरा होता म्हणून, कॅमेरा आरशाकडे धरला. आरशात मी, आणि माझ्या मागे भिंतीवर अण्णांची फ्रेम. चौकट माझ्या डोळ्यावर आली. मग हळूच तिथून उठली, माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांवर जाऊन थांबली. अजिबात हलली नाही. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही आणि बटणही दाबलं नाही.

आत कपबशांचा आवाज झाला. मी कॅमेरा खाली ठेवला आणि आरशाकडेच बघत म्हणालो, अण्णा, पुढच्या गुरुवारी येतो. अजून एक विचारायचं राहिलंय.