बायडाबाईचा मुराळी

शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून सयाजीचं घर. दिवसभर सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा आणि रविवार उजाडला की गळ घेऊन पंचगंगेवर. मरळ मिळो न मिळो, हातभर मासा सुटून गेल्याची गोष्ट सांगायला असायचीच. त्याच्या थापा ऐकून माझं डोकं उठायचं, पण माणूस मनाचा निर्मळ.

बायको बायडाबाई आजऱ्याकडची. आईबाप गेलेले, भाऊ नाही. नागपंचमीला गल्लीतल्या सासुरवाशिणींना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ मुराळी म्हणून यायचे. ही दारात उभी राहून बघायची. मग एकदा परसातल्या केळीपाशी तिला लांबलचक धामण दिसली आणि तिनं तिलाच भाऊ मानून टाकलं. दर पंचमीला केळीबुडी दूध-लाह्या ठेवायची. दूध मांजर प्यायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सांगून तिच्याशी वैर कोण घेणार?

"त्यो हाय तवर मला म्हायेर हाय," म्हणायची.

साल पन्नास-एक्कावन्नचं असेल. आषाढातला शेवटचा रविवार होता. श्रावण लागला की सयाजी महिनाभर गळाला हात लावत नसे, म्हणून त्या दिवशी त्याच्या अंगात आलेलं. आमिषाला गांडुळं हवी होती. केळीबुडी खणू नका, असं बायडाबाईनं शंभरदा बजावलेलं. घाईत सयाजीनं नेमकी तिथंच कुदळ घातली. काहीतरी सळसळत भिंतीच्या दगडांत शिरलं आणि मातीत वीतभर शेपूट वळवळत राहिलं.

त्यानं लपवलं नाही. तसाच चिखलाच्या पायांनी चुलीपाशी गेला. "माझ्या हातनं घात झाला गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "माझा भाऊ मारलासा तुमी."

गळ वळचणीलाच राहिला. चार दिवसांनी न राहवून तो म्हणाला, "भित उकलून बघू का?"

"आन दगुड पडला त्येच्या अंगावर, तर? पंचमी तोंडावर आली, आता खणायचंबी न्हाई."

पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. समोरची चिमणाबाई तोंडाची फटकळ. "आता कुणाचा उपास गं? मेल्याला धरत्यात व्हय?" बायडाबाई तरी पाण्यावर राहिली. सयाजीनंही ताट सारलं. मेहुण्यासाठी उपाशी राहिलेला पुरुष मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. हसू आलं, ते मी गिळून टाकलं.

सकाळी त्याची हाक ऐकून आम्ही सगळे परसात धावलो. भिंतीच्या फटीतून कात लोंबत होती, ताजी, ओलसर. शेपटाकडचं टोक मात्र नव्हतं, तिथं ती तुटकी होती.

"जित्ता हाय की!" सयाजी नाचायचाच बाकी होता.

बायडाबाईनं ती कात हलक्या हातानं सोडवून घेतली, पदरात धरली आणि तिथंच बसून पोटभर रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "पंचमीला भनीला लुगडं आणायचं असतंय. त्येच्याकडं दुसरं काय हुतं? अंगावरचंच दिऊन गेला."