ओल्या हवेतला चेंडू

बेसबॉलचा एकही सामना मैदानात बसून न पाहता मी पाच वर्षं बेसबॉलवर पोट भरलं. सिंगापूरला तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात काम एवढंच, की अमेरिकेतल्या कुठल्या मैदानावर, कुठल्या हवेत, मारलेला चेंडू किती लांब जाईल याचा अंदाज बांधायचा. तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, त्यामुळे सात वाजता मी खुर्चीत असे. शेजारचे सगळे कानाला हेडफोन लावून बसत. दिवसातलं माझं पहिलं वाक्य बऱ्याचदा दुपारी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यावर निघायचं, तेही ताटाकडे बोट दाखवून. चोआ चू कांगला एका चिनी आंटींच्या फ्लॅटमध्ये मी खोली घेऊन राहत होते. बाई प्रेमळ होत्या, पण आमचं बोलणं वॉशिंग मशीनच्या वेळांपलीकडे कधी गेलं नाही.

मराठी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी अकरा वाजता. पुण्यात तेव्हा साडेआठ, बाबांचा दुसरा चहा. आई गेल्यापासून तेही घरात एकटेच. त्यांनी तीस वर्षं क्लब क्रिकेटमध्ये अंपायरिंग केलं होतं. एकदा वर गेलेलं बोट त्यांनी खाली घेतल्याचं कुणालाही आठवत नाही, आणि घरातही तोच कारभार. ‘जेवलीस का’ आणि ‘गोळ्या घेतल्या का’ यांत दोन मिनिटं जायची. मग दोघंही घुम्यासारखे फोन धरून बसायचो.

एका रविवारी मी सहज सांगितलं, की बेसबॉलच्या मैदानांचा आकार ठरलेला नसतो. कुठे भिंत जवळ, कुठे लांब, कुठे बुटकी.

“म्हणजे एकाच फटक्याला इथे षटकार आणि तिथे झेल?”

“हो.”

“मग नियम कसले डोंबलाचे?”

झालं, आम्हाला विषय मिळाला. दर रविवारी एक मैदान. समुद्राकाठचं एक, जिथे गार वारा उंच चेंडू मागे ढकलतो. डोंगरावरच्या शहरातलं एक, जिथे विरळ हवेत चेंडू सुसाट जातो. बाबा प्रत्येक गोष्टीला हरकत घेत आणि मी प्रत्येक हरकतीला उत्तर देई. प्रेम बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती, वाद घालायची होती. त्या अर्ध्या तासावर माझा अख्खा आठवडा तग धरून होता. हे मला तेव्हा कळत होतं. म्हणून पुढचं जे केलं, त्याचा मला आजही राग येतो.

वाद निघाला दमट हवेवरून. बाबा म्हणाले, “तुमच्या सिंगापूरला बेसबॉल खेळले तर चेंडू जाणारच नाही. ओली हवा जड असते.”

“हलकी असते बाबा. कोरड्या हवेपेक्षा हलकी. चेंडू उलट थोडा लांब जातो.”

“तीस वर्षं मी मैदानात उभा होतो.”

दोन-तीन रविवार हे चाललं. मजेत चाललं होतं. पण मला जिंकायची खुमखुमी आली. मी एका पाठ्यपुस्तकातलं पान स्कॅन केलं, दोन ओळींखाली लाल रेघ मारली आणि बाबांना पाठवलं. पुढच्या रविवारी ते म्हणाले, “वाचलं. बरोबर आहे तुझं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन दोन मिनिटांचा झाला. मी नवी मैदानं सांगून पाहिली. “असेल,” ते म्हणायचे, “तुम्हाला जास्त माहीत.” मला चक्क ‘तुम्हाला’ म्हणायचे. सोमवारी ऑफिसात माझा बरोबर आलेला आलेख समोर आला, की मी तो लगेच मिटून टाकायचे. चार महिने गेले. मी भयंकर एकटी झाले होते आणि ते माझ्याच हातांनी झालं होतं.

मग एका गुरुवारी सुट्टी होती म्हणून मी खोलीतलं कपाट आवरायला काढलं. पट्ट्यांना, चपलांना हिरवी बुरशी. तळाशी एक बेसबॉल. नोकरीला लागले तेव्हा मला दोन मिळाले होते. एक मी ऑफिसच्या एसीत टेबलावर ठेवला होता, तो नुकताच घरी आणला होता. कपाटातला चेंडू पाहून आंटी दारातूनच म्हणाल्या, “मोल्ड, लाह. थ्रो अवे.”

मी तो हातात घेतला. मऊ लागला. दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून फरशीवर सोडले. ऑफिसातला टणकन उसळला, कपाटातला निम्म्यातच बसला. आंटींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतला, तर कपाटातलाच जड भरला. चेंडूने ओल धरली होती. डोंगरावरच्या त्या मैदानात चेंडू फार लांब जाऊ नयेत म्हणून ते दमट कपाटात ठेवतात, हे मी कधीपासून ऑफिसात लिहीत होते. बाबांना सांगायचं मात्र सुचलं नव्हतं.

वार न बघता फोन लावला.

“काय झालं?” बाबांचा आवाज घाबरलेला. “आज गुरुवार आहे.”

“काही नाही. हवा हलकीच असते बाबा. पण चेंडू ओल पितो, जड होतो, उसळत नाही. तुम्ही मैदानात बघितलंत ते खोटं नव्हतं. मी नुसतं हवेचं बघितलं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“ते पान मला पहिल्याच दिवशी समजलं होतं,” ते म्हणाले. “मला राग नव्हता आला गं. आता हिला माझ्याशी वाद घालायचं कारण उरलं नाही, एवढंच वाटलं.”

दोन्ही चेंडू मांडीवर होते.

“आणि आज वाद पुन्हा मिटवलास,” बाबा म्हणाले. “मग आता रविवारी काय बोलायचं?”

“एक मैदान राहिलंय,” मी म्हटलं. “डावीकडची भिंत अगदी जवळ आहे, पण तीन मजली उंच.”

“तीन मजली? काहीतरीच सांगू नकोस.”

“खरंच आहे.”

“रविवारपर्यंत थांबवत नाही मला,” बाबा म्हणाले. “आत्ताच सांग.”